मासळीचा टेम्पो आणि होडीची ट्रॉली : गंज थांबवावा कसा?

वेंगुर्ल्याचा टेम्पोवाला : नमस्कार. माझ्याकडे मासळी वाहणारा छोटा टेम्पो आहे आणि फायबरची होडी पाण्यात उतरवण्यासाठी चौकोनी लोखंडी पाइपांची ट्रॉली आहे. दोन वर्षांपूर्वी टेम्पोच्या चासीला खालून काळे कोटिंग मारून घेतले होते. यंदा मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ, म्हणजे त्या चासीला जिथे टांगलेल्या असतात तिथे, त्याला फुगा आला आणि तो खरवडताच लोखंडाचे पापुद्रे हातात आले. ट्रॉलीला दरवर्षी रंग देऊनही जोडांपाशी तांबूस ओघळ येतातच. नेमके काय चुकते आहे?

रत्नागिरीचा गॅरेजवाला : कोटिंग बहुधा गंजावरच मारले गेले असावे. तसे झाले की खारा ओलावा आत कोंडतो आणि वरून सगळे काळेभोर, ठीकठाक दिसत असताना पत्रा आतून खाल्ला जातो. आधी त्या जागी स्क्रू ड्रायव्हर जोराने दाबून पाहा. आत घुसला, तर रंगाचा विषय संपला, तेवढा भाग कापून नवीन पट्टी वेल्ड करावी लागेल (वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर काढायला विसरू नका). लोखंड शाबूत असेल, तर ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून ते चकाकेपर्यंत साफ करा, आणि त्यानंतर गोड्या पाण्याने धुवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, पण गंजाच्या खड्ड्यांत बसलेले मीठ ब्रशने निघत नाही आणि तेच पुढे रंग उचलते. पूर्ण वाळल्यावर उरलेल्या खड्ड्यांना फॉस्फोरिक आम्लाचे रस्ट कन्व्हर्टर (उरलेल्या गंजाचे टिकाऊ थरात रूपांतर करणारे द्रावण) लावा आणि डब्यावर लिहिलेला वेळ पाळून इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या. नुसत्या रेड ऑक्साइडवर (साध्या तांबड्या प्रायमरवर) थांबू नका, वर रंग हवाच. आपल्याकडच्या दमट हवेत उघडे लोखंड रात्रभरात तांबूस होते, म्हणून हे काम पावसाळ्याआधी कोरड्या दिवसांतच करावे.

हर्णैचा होडीवाला : ट्रॉलीचे दुखणे पाइपच्या आत आहे. वेल्डिंगच्या बारीक छिद्रांतून समुद्राचे पाणी शिरते आणि आतच साचते. बाहेरचा रंग तिथवर पोहोचतच नाही. मी अखेर सांगाडा सुटा करून हॉट-डिप गॅल्व्हनाइझ करून घेतला. सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवल्यामुळे आतली बाजूही झाकली जाते, मात्र त्याआधी पाइपांना पुरेशी भोके पाडावी लागतात, कारण बंद पाइप त्या उष्णतेत फुटू शकतो. हीच भोके पुढे पाणी निथळायला उपयोगी पडतात. लांबून ट्रॉली ओढत आणली असेल, तर हब (चाकाचा मधला, बेअरिंग बसवलेला भाग) निवल्याशिवाय पाण्यात घालू नका. गरम हब एकदम थंड झाला की पाणी आत खेचतो आणि बेअरिंग जातात.

टेम्पोबद्दलही एक सांगतो. क्रेटमधले बर्फाचे पाणी हौद्यातून नेमके मागच्या चासीवर गळते. हौद्याच्या भोकाला रबरी नळी लावून ते पाणी वेगळ्या टाकीत सोडा.

वेंगुर्ल्याचा टेम्पोवाला : दोघांचेही मनापासून आभार. आज चासीचे निथळण्याचे भोक तारेने मोकळे केले, तर तांबड्या चिखलासकट तांब्याभर पाणी बाहेर आले. स्क्रू ड्रायव्हर हँगरपाशी आत गेला, म्हणून ती पट्टी बदलण्याचे ठरवले आहे. गाडी मी रोज घरच्या विहिरीच्या पाण्याने धुतो, पण उन्हाळ्यात ते मचूळ होते. चालेल का?

हर्णैचा होडीवाला : ते पाणी ताटलीत घालून उन्हात वाळवा. पांढरी खार उरली, तर शेवटचा हात नळाच्या पाण्याचाच द्या.