लेक्चर रेकॉर्ड केलं की शिकवणं संपलं?

खडूवाली: काल कुणीतरी लिहिलं, "लेक्चरं एकदा रेकॉर्ड करून टाका, वर्ग कशाला हवा?" वाचून डोकंच फिरलं. मी गणित शिकवते. फळ्यावर सिद्धता लिहिताना तिसऱ्या ओळीला मागच्या बाकांवरची पेनं थांबतात, तिथेच कळतं की पोरं अडली. मग पुसायचं आणि दुसऱ्या वाटेने यायचं. कॅमेऱ्याला ही थांबलेली पेनं दिसतात का?

प्रयोगवही: नाही दिसत. पण जो कधीच हात वर करत नाही त्याचं काय? मी तसाच होतो. व्हिडिओ मागे घेऊन घेऊन पाहिला तेव्हा कुठे एंट्रॉपी डोक्यात शिरली. शिवाय मूडलवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन अभ्यासाच्या पोर्टलवर, छोटी चाचणी दिली की चूक तिथल्या तिथे कळते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलंय, नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिलेलं आठवड्यानंतर जास्त टिकतं.

खडूवाली: चाचणीला कोण नाही म्हणतंय? वर्गात लॅपटॉप उघडून बसण्याला माझा विरोध आहे. म्युलर आणि ओपनहायमर यांचा 2014 चा अभ्यास वाचा. टाइप करणारे शब्दन् शब्द उतरवतात आणि संकल्पनेच्या प्रश्नात हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडतात.

प्रयोगवही: 2019 मध्ये तोच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा फरक तितका ठळक निघाला नाही. अर्धंच सांगू नका.

रात्रपाळी: अभ्यास राहू द्या, आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं बोला! रात्री साडेअकराला असाइनमेंट येते, मुदत सकाळी नऊची. पीडीएफ आडवी स्कॅन केलेली, कडेचे शब्द कापलेले. मी रात्री कामावर असते. फोन उघडते तोवर मुदत संपलेली.

खडूवाली: आणि मुलं रात्री बाराला विचारतात, "मॅडम, उद्या लेक्चर आहे का?" उत्तर नाही दिलं तर तक्रार थेट विभागप्रमुखांकडे.

रात्रपाळी: ग्रुप काढला कुणी? शिक्षकांनीच ना? पगार तुमचा चालू राहतो, गुण आमचे जातात.

प्रयोगवही: जरा सांभाळून बोला. शिक्षकाला घर नसतं का? तेच गुण दोन-दोन पोर्टलवर भरत बसावं लागतं, तेही रात्रीच.

रात्रपाळी: मग ते प्राचार्यांना सांगा. आमची मुदत का कापता?

खडूवाली: मुदतीचं तुमचं म्हणणं खरं आहे. संध्याकाळी सहानंतर मी ग्रुपवर काही टाकणार नाही. कामावर जाणाऱ्यांसाठी सिद्धतांचं रेकॉर्डिंगही ठेवीन. वर्ग मात्र सोडणार नाही. आणि "वर्ग कशाला हवा" हे मागे घ्या.

प्रयोगवही: ते मी लिहिलंच नव्हतं.