आवाजावरून आणि सवयींवरून पक्षी कसे ओळखावेत?

वाडीकर:
गुहागरजवळ आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. झाडी इतकी दाट आहे की पक्षी ऐकू येतात, पण दिसत नाहीत. सध्या पावसात, उजाडण्यापूर्वी, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, बाजूने कोणी माणूस रमतगमत शीळ घालत चालल्यासारखा आवाज येतो, आणि दुपारी गडग्यापलीकडून, म्हणजे दगडी कुंपणापलीकडून, घुमणारे ‘हूप हूप’ ऐकू येते. हे कोणते पक्षी असावेत? पुळणीवर, म्हणजे समुद्राच्या वाळूवर, हिवाळ्यात येणारे मळकट, एकसारखे दिसणारे लहान पक्षी कसे ओळखावेत, हेही जाणकारांनी सांगावे.

कातळसडा:
शीळ घालणारा बहुधा शीळकरी कस्तूर असावा. वाहत्या पाण्यालगत राहणारा हा काळा-निळा पक्षी पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, भरपूर गातो. ‘हूप हूप’ भारद्वाजाचे, म्हणजे आपल्या कुकुडकोंब्याचे. तो उडण्यापेक्षा झुडपांखालून चालतच अधिक फिरतो, त्यामुळे आवाज जमिनीलगतचा आहे की शेंड्यावरचा, हे आधी ठरवावे. उंचावरून एकसुरी ‘टुक टुक’ आले, तर तो तांबट. मात्र भृंगराजापासून सावध राहावे, कारण तो इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. मी एकदा त्याची नोंद शिक्रा म्हणून केली होती आणि नंतर ती मुकाट्याने खोडली.

ओहोटी:
पुळणीवर रंगाच्या नादी लागू नये, चाल पाहावी. चिखल्या हा पक्षी नजरेने भक्ष्य शोधतो, म्हणून थोडे धावतो, थबकतो, टिपतो आणि पुन्हा धावतो. तुतारी हा दुसरा पक्षी; ती मात्र चोच खुपसून ओला चिखल चाचपत राहते. एकटाच पक्षी शेपटीकडचा भाग सारखा वरखाली हलवत असेल, तर तो तुतवार. सुरय हवेतून पाण्यात सूर मारतो, तर कुरव निवांत तरंगत बसतो. आवाज पडताळण्यासाठी मर्लिन हे ॲप आणि झेनो-कॅन्टो हे संकेतस्थळ वापरावे, पण स्वतःची नोंद लिहून झाल्यावरच, नाहीतर कान तयार होत नाहीत. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी 1930 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या घरट्यांसमोर तासन्‌तास बसून नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पसंत करते आणि मगच तो ते पूर्ण करतो, हे टिपले होते. तेव्हा कुठे होते ॲप?

वाडीकर:
आपणा दोघांचा आभारी आहे. आज पहाटे पऱ्यावर छत्री धरून बसलो. शीळ थांबली, आणि उजाडताना ओल्या दगडावर खांद्यावर निळी झाक असलेला काळा पक्षी दिसला. कुकुडकोंबा मात्र अजून गडग्यापलीकडेच आहे.