अनुभव धागा: सूर्य बुडतानाचा फोटो काढायला गेलो आणि...

चिंगळी:
काल फोन भरला म्हणून जुने फोटो उडवत होते. रत्नागिरी, थिबा पॉइंट, २०१४. खाली भाट्याची खाडी, आभाळ केशरी-जांभळं, आणि कोपऱ्यात अण्णांचा अर्धा कान. तेव्हा चिडले होते, "अण्णा, बाजूला व्हा ना!" तर म्हणाले, "मी झालो गो, त्या ढगाला सांग आता." कान कापून टाकायचा राहिला तो राहिलाच. काल तोच मोठा करून बघत बसले, भाजी खाली लागली. तुमचेही येऊ द्यात.

फिरस्ता:
महाबळेश्वर, मुंबई पॉइंट. सूर्याचा एक फोटो, लोकांच्या हातातल्या मोबाइलचे चाळीस. बिंब गेलं तशी गर्दी टॅक्सीकडे पळाली. आमचा ड्रायव्हर सापडेना म्हणून थांबलो, तर पंधरा मिनिटांनी वरचे पातळ ढग पेटले! खरा सोहळा नंतरच असतो हे त्या ड्रायव्हरमुळे कळलं.

पोटोबा:
कणीस खाल्लं की स्ट्रॉबेरी क्रीम?

फिरस्ता:
कणीस. क्रीमला रांग.

खडूस मास्तर:
फोनला तांबडं आभाळ चूक वाटतं, तो रंग मारून टाकतो. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंग जुळवायची सेटिंग) 'क्लाउडी'वर ठेवा, आभाळावर बोट टेकवा, उजेड कमी करा. संध्याकाळी किरण तिरके, हवेतून वाट लांबची, निळा वाटेतच विखुरतो. आणि बिंब पाण्याला टेकलेलं दिसतं तेव्हा ते खरं तर क्षितिजाखाली गेलेलं असतं, हवेत किरण वाकतात म्हणून दिसतं. थोडक्यात, सगळ्यांनी बुडालेल्या सूर्याचेच फोटो काढलेत.

पोटोबा:
मास्तर, वही नाही आणली आज

थंडगार (स्टॉकहोम):
इथे जूनमध्ये रात्री दहानंतर मावळतो. सासूबाई आल्या होत्या, तिन्हीसांजेला दिवा लावायचा म्हणून सातपासून खिडकीत. साडेनऊला म्हणाल्या, "हा काही जायचा नाही, मी लावते." फोटोत देवापुढे निरांजन, मागे लख्ख ऊन. सूर्यास्त नाहीच त्यात, चालेल?

चिंगळी:
चालेल काय, पळेल!

टाकीमागचा:
आमचा सूर्य समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे मावळतो. ती गळते हेही फोटोतच दिसलं. त्यांच्या सेक्रेटरीला पाठवला, तर "छान टिपलंय" म्हणाले.

वाळूचा खडा:
हरिहरेश्वर, प्रदक्षिणेच्या वाटेवरचे खडक. भरती सुरू झालेली, मी आपला अँगल शोधतोय. लाट आली, गुडघे फुटले, फोन समुद्रार्पण. बायको आजही सांगते, "यांनी सूर्यास्त आतून टिपलाय." भरतीला तिथे उतरू नका, खरंच.

पोटोबा:
चिंगळी, भाजी कुठली होती?

चिंगळी:
दोडका. कुणाला वाईट वाटलं नाही. अण्णांना फोटो पाठवला होता, आत्ता उत्तर आलं: "कान कुणाचा?"