प्रौढांच्या बायबल वर्गात आधी शिकवायचं की नुसती चर्चाच करायची?

जुनी_वही
चर्चमधल्या मोठ्या माणसांच्या बायबल वर्गाबद्दल एकदा लिहायचंच होतं. हल्ली बऱ्याच ठिकाणी एकच पद्धत दिसते, उपासना झाली की खुर्च्या गोल मांडायच्या, उतारा वाचायचा, मग गटनायक विचारणार "यातून तुम्हाला काय मिळालं?" आणि एकेक जण आपापलं सांगणार, बाकीचे मान डोलावणार, शेवटी प्रार्थना. चुकीचं काही बोललं तरी कोणी थांबवत नाही कारण म्हणे सगळ्यांच्या मताचा मान राखायचा. राखा की, पण याला शिक्षण म्हणू नका. जे कोणालाच माहीत नाही ते दहा जणांनी मिळून बोलल्यावर कळतं असं थोडंच आहे.

उदाहरण घ्या, यिर्मया 29:11. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला (बॅबिलोनला) बंदिवासात नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेल्या पत्रातलं हे वचन. देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, भविष्य आणि आशा देणारे आहेत, वगैरे. कुठल्याही गटात वाचा, पाच मिनिटांत नोकरी, लग्न, परीक्षेचा निकाल सुरू होतं. आता एकच वचन मागे जा. 29:10 म्हणतं बाबेलची 70 वर्षं भरल्यावर तुम्हाला परत आणीन. म्हणजे पत्र ऐकणारे बहुतेक मोठे लोक परतीचा रस्ता बघायच्या आत मरणार होते! आणि त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतोय की दोनच वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना तोच आवडला असणार. यिर्मया त्याच्या विरुद्ध उभा राहून सांगतोय की घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, इथेच राहायचंय. हे माहीत नसताना आपण यिर्मयाचं वचन वाचतो आणि अर्थ हनन्याचा काढतो. हे मला धोकादायक वाटतं, नुसतं अपुरं नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे, तासातली पहिली 20 मिनिटं कोणीतरी तयारी करून यावं आणि हे पुस्तक कोणाला लिहिलं, कधी, का, एवढं सांगावं. मग काय चर्चा करायची ती करा.

शेवटचा_बाक
अजिबात पटलं नाही. उपासनेत अर्धा तास उपदेश ऐकलाच की, आता लगेच दुसरा उपदेश? मोठा माणूस त्या वर्तुळात येतो तो कोणीतरी वारलंय, घरात बोलणं बंद झालंय, विश्वास डळमळलाय म्हणून येतो. त्याला पहिली 20 मिनिटं बाबेलचा इतिहास सांगायचा? आणि ते पत्र बंदिवासातल्या लोकांनाच होतं ना, घरदार गेलेल्या माणसांना. मग आज सगळं गमावलेल्या माणसाने त्यातून धीर घेतला तर त्याने नक्की काय बिघडवलं?

जुनी_वही
धीर घेऊ द्या की. पण कुठला धीर? "लवकरच होईल" हा की "उशीर झाला तरी देव सोडणार नाही" हा? पहिला खोटा ठरला की तोच माणूस चर्चला यायचं बंद करतो.

बिरुयाचा_वाचक
प्रेषितांची कृत्ये 17:11 विसरलात का? बिरुया गावचे लोक रोज शास्त्रात शोध करायचे की या गोष्टी अशाच आहेत का. प्रत्यक्ष प्रेषित पौल समोर शिकवत असताना तपासत होते आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलंय. सामान्य माणसाला शास्त्र स्वतः उघडून बघता येतं, हे आपल्या वर्गांचं मूळ आहे.

जुनी_वही
पण तपासत काय होते? पौलाने शिकवलेलं. म्हणजे आधी शिकवणारा आला, मग शोध झाला, मी वेगळं काय म्हणतोय? आणि त्याच पुस्तकात आठव्या अध्यायात इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचत होता, सुवार्ता सांगणाऱ्या फिलिप्पाने विचारलं समजतंय का, तर तो सरळ म्हणाला कोणी मार्ग दाखवल्याशिवाय कसं समजणार.

शेवटचा_बाक
फिलिप्प रथात चढून त्याच्या शेजारी बसला आणि खजिनदाराने जे विचारलं तिथून सुरू केलं. आधी प्रश्न होता साहेब.

मेथडिस्टांचा_नातू
थोडा इतिहास. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांचे क्लास म्हणजे छोटे गट 1742 मध्ये ब्रिस्टलला सुरू झाले ते शिकवायला नाही तर इमारतीचं कर्ज फेडायला, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि साधारण बारा जणांमागे एकाने ती गोळा करायची. पैसे मागायला घरोघर गेल्यावर कळलं कोण कसं जगतंय, आणि चळवळीचा पुढारी जॉन वेस्ली याने त्याचीच आत्मिक काळजी घेणारी व्यवस्था केली. पुढारी बहुतेक सामान्य लोक, पाळक नव्हेत. चळवळ टिकली ती या छोट्या गटांवर, व्याख्यानांवर नाही.

जुनी_वही
माहिती छान आहे पण ती माझ्याच बाजूची आहे, बरं का. तिथे "तुझं कसं चाललंय" हे विचारायचे, यिर्मयाचा अर्थ मतदानाने ठरवत नव्हते. गट काळजीसाठी असेल तर तसं नाव द्या, माझी काही तक्रार नाही. शिकण्याची परंपरा वेगळी, हायडेलबर्गची धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी बघा, 1563 ची, 129 प्रश्न, ते 52 रविवारांत वाटलेले, वर्षभरात सगळी शिकवण एकदा होते. आपल्या गटात पाच वर्षं बसलेल्याला त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) चार वाक्यं विचारा बघू.

शेवटचा_बाक
प्रश्नही तुमचाच उत्तरही तुमचंच. 😀 मोठ्या माणसाला आलेला प्रश्न त्या 129 मध्ये नसला तर काय करायचं?

मोकळा_प्रश्न
मी विश्वासू वगैरे नाहीये, बायकोबरोबर जातो. लंडनच्या चर्चमधून निघालेला तो ख्रिस्ती विश्वासाची ओळख करून देणारा अल्फा कोर्स केला होता, आधी जेवण, मग भाषण, मग छोटा गट, आणि गटात काहीही विचारलं तरी चालतं. आवडलं मला, खोटं नाही बोलणार. पण शेवट कुठे पोचायचा ते त्यांचं ठरलेलं असतं हे दोन आठवड्यांत कळतं. तेव्हा वही साहेबांचं मला उलट बरं वाटतं, शिकवायचं असेल तर सरळ शिकवताय म्हणा, चर्चेचं नाव कशाला.

पास्काची_मेणबत्ती
आमच्या कॅथलिकांकडे प्रौढांच्या दीक्षेचा विधी 1972 मध्ये नव्याने आला, टप्प्याटप्प्याने, महिनोन्महिने तयारी, पास्काच्या (ईस्टरच्या) जागरणाच्या रात्री बाप्तिस्मा. विधीत शिक्षणही आहे आणि सोबतही आहे, कागदावर भांडण मिटलेलं आहे. गंमत पुढे आहे, पास्कानंतरही शिकणं चालू ठेवायचा टप्पा आहे आणि आमच्याकडे नेमकं तेव्हाच लोक यायचे थांबतात. वर्गच संपल्यासारखं वाटतं. तुमची 20 मिनिटं ठीक आहेत हो, पण माणूस तिसऱ्या महिन्यात येतोय का ते बघा.

दुपारची_पाळी
तुम्ही सगळे शिकलेले लोक, एक गोष्ट कोणी बोललंच नाही. ते एकेक वचन आळीपाळीने मोठ्याने वाचणं बंद करा आधी. ज्याला नीट वाचता येत नाही तो आपला नंबर कुठे येणार ते मोजत बसतो, त्याचं ना शिकण्यात लक्ष ना चर्चेत, आणि पुढच्या वेळी तो येतच नाही. कारण विचारलं तर वेळ नव्हता म्हणतो. 1798 मध्ये नॉटिंगहॅमला प्रौढांची शाळा निघाली ती कारखान्यातल्या बायकांना बायबल वाचता यावं म्हणून, लिहायला आणि हिशोबालाही शिकवायचे. तेव्हा हे कळत होतं.

जुनी_वही
@दुपारची_पाळी हे एकदम मान्य. ज्याला वाचायचंय त्यानेच वाचावं. 20 मिनिटं मात्र मी सोडत नाही.

शेवटचा_बाक
मग ईयोब घ्या पुढचं पुस्तक. सगळं गमावलेल्या ईयोबाचं सांत्वन करायला तीन मित्र चांगली तयारी करूनच आलेत. सात दिवस सात रात्री गप्प बसून राहिले तोपर्यंत बरे होते, शिकवायला लागले आणि घोळ झाला. 42:7 मध्ये देव म्हणतो हे लोक माझ्याविषयी बरोबर बोलले नाहीत.

जुनी_वही
घेऊच. त्याच पुस्तकात 38 ते 41 चार अध्याय देव बोलतोय आणि ईयोबाच्या वाट्याला मधे दोन-तीन वाक्यं आहेत. ही चर्चा म्हणायची का?

शेवटचा_बाक
ते देव बोलतोय. गटनायक नाही.