क्यूजीआयएसवर दोन दिवसांत तालुक्याचा जलआराखडा? जरा थांबा

क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरवरची, ज्यावरून ही चर्चा सुरू झाली ती पोस्ट, थोडक्यात: "भूजलतज्ज्ञाची वाट कशाला बघता? ३० मीटरच्या चौकटींचा डीईएम (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा) फुकट मिळतो. उतार, माती, भूवापर, लिनियामेंट (उपग्रहचित्रात दिसणाऱ्या सरळ रेघा, खडकातल्या भेगांची खूण) यांना एएचपीने, म्हणजे घटकांची जोडी-जोडीने तुलना करून, भारांक द्या, थर एकावर एक चढवा, हिरव्या, म्हणजे योग्य ठरलेल्या, पट्ट्यात सिमेंट बंधारे टाका. दोन दिवसांत तालुका उरकतो."

खडकमापी: उचलली जीभ लावली टाळ्याला! सीआर, म्हणजे भारांकांची आपसातली सुसंगती तपासणारा आकडा, ०.१ च्या खाली आला म्हणजे तुमचे भारांक आपसात भांडत नाहीत, इतकंच. जमिनीला ते मान्य आहेत का? लिनियामेंटला सगळ्यात जास्त भार दिलाय, पण त्या रेघांत कालवे, गाडीवाटा, बांधही येतात. धुळे-नंदुरबारकडे तर रेघ म्हणजे बऱ्याचदा डाइक, खडकात घुसलेली दुसऱ्या खडकाची उभी भिंत. भेगाळलेला असला तर पाणी नेतो, घट्ट असला तर अडवतो. नकाशात दोन्ही हिरवेच.

नकाशेवाला: म्हणजे पुन्हा शिवारफेरी आणि पुढाऱ्याच्या मळ्याशेजारी बंधारा? डीईएमला निदान पक्ष नसतो.

पाणलोटकर: पक्ष नसतो, चुका असतात. अक्षांश-रेखांशातल्या डीईएमवर तसाच उतार काढलात तर सगळं शिवार ९० अंशांचा कडा दिसतं. आधी ३२६४३ मध्ये आणा, म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रणालीत (हा तिचा ईपीएसजी क्रमांक). ७८ रेखांशाच्या पूर्वेला, नागपूर-भंडाऱ्याकडे, ३२६४४. पाण्याची वाट काढण्यासाठी डीईएममधले खोटे खड्डे भरताना कालव्याचा भराव धरण ठरतो नि ओढा भलतीकडे वळतो, म्हणून मोरीच्या जागी भराव कापून द्यायचा. आणि बंधाऱ्याचा बिंदू प्रवाहावरून एक पिक्सेल जरी सरकला, तरी ५०० हेक्टरचं पाणलोट दोन-चार हेक्टरांवर येतं. हे न तपासता काढलेले आराखडे सर्रास फिरतात.

बांधावरचा: तुमचे पिक्सेल राहू द्या. बंधारे कुठेही बांधा, शेततळी सगळं गिळताहेत. ३० × ३० × ३ मीटरचं तळं, १:१ बाजू, २१९६ घनमीटर. प्लास्टिक अंथरलेलं, म्हणजे मुरण्याचा प्रश्नच नाही. भरतं कशानं? विहिरीच्या मोटारीनं!

नकाशेवाला: सरसकट बोलू नका. ओढ्याच्या पाण्यानं भरणारीही आहेत.

बांधावरचा: एप्रिलमध्ये काठोकाठ भरलेलं तळं कुठल्या ओढ्यानं भरलं, सांगता? मे महिन्यात दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरा. ९०० चौरस मीटरवरून रोज ७२०० लिटर उडून जातात, तेही जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर उपसून.

पाणलोटकर: ते सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रांत दिसतं की. मात्र पाणी ओळखायला एमएनडीडब्ल्यूआय हा निर्देशांक नको, त्याचा स्विर (लघुलहरी अवरक्त) बँड २० मीटरचा. हिरवा आणि एनआयआर (जवळचा अवरक्त) बँड घेऊन साधा एनडीडब्ल्यूआय काढा, १० मीटरवर. तरीही एका तळ्याला जेमतेम नऊ पिक्सेल, काठाचे मिश्र. रिकाम्या तळ्यातलं काळं प्लास्टिकही फसवतं. ऑक्टोबर आणि एप्रिल शेजारी ठेवा. ऑक्टोबरात रिकामं, एप्रिलात भरलेलं, ते उपशाचं.

नकाशेवाला: वा! जीआयएस वाईट, पण शेजाऱ्याचं तळं पकडायला चालतं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?

खडकमापी: जीआयएस वाईट असं कोण म्हणालं? अपधाव, म्हणजे पावसाचं न मुरता वाहून जाणारं पाणी, तरी नीट काढा एवढंच म्हणणं. सीएन (माती-भूवापरावरून ठरणारा अपधावाचा क्रमांक) ८०, पाऊस ५० मिमी. अपधाव सुरू होण्याआधीची घट ०.३एस धरली (एस म्हणजे जमीन जास्तीत जास्त धरून ठेवील तेवढं पाणी, सीएनवरून निघतं) तर अपधाव १०.१ मिमी, काळ्या मातीसाठी ओल असताना ०.१एस धरली तर १७.८. म्हणजे ५०० हेक्टरांवर ५१ टीसीएम (हजार घनमीटर) की ८९ टीसीएम? बंधाऱ्याचं आकारमान यावरच ठरवता ना? आणि खाली काळा पाषाण, म्हणजे भेगा नसलेला घट्ट खडक, असेल तर ते ८९ मुरणार कुठे?

नकाशेवाला: बरं बाबा, दोन दिवसांत जागांची फक्त यादी होते. आराखडा नव्हे. झालं समाधान?

खडकमापी: यादीतल्या प्रत्येक जागेजवळच्या तीन-चार विहिरी बघा. मुरूम किती, मांजऱ्या (मुरमाखालचा झिजलेला खडक) किती, पाषाण कुठे लागला. मे आणि ऑक्टोबरची पातळी घ्या. फरक ४ मीटर, विशिष्ट उत्पन्न (खडकाच्या आकारमानातून निथळून मिळणारा पाण्याचा वाटा) २ टक्के, क्षेत्र ५०० हेक्टर, म्हणजे ४०० टीसीएम भरण. उपसा त्याहून जास्त निघाला तर नवा बंधारा सुचवण्याआधी उपशाचं बघा.

बांधावरचा: मग मी काय वेगळं म्हणत होतो?