खडूस आजोबांच्या चिडण्यावर हसायचं, की कारणावर बोलायचं?

नौपाडा (धागालेखक)
आमच्या ओळखीतली एक मुलगी इन्स्टाग्रामवर रोज चार चौकटींची चित्रकथा टाकते. ठाण्यातले एक खडूस आजोबा आणि आजच्या जगाबद्दलची त्यांची मतं. हात सुरेख आहे तिचा. तलावपाळीच्या कठड्यावर बसलेले आजोबा दोन रेघांत ओळखू येतात. तरीही ती मालिका मला खटकते, म्हणून हा धागा.

परवाचा भाग घ्या. आजोबा घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये जुन्या मित्राला भेटायला जातात. वॉचमन म्हणतो, 'ॲपवर अप्रूव्हल आलं नाही.' मित्र पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतून हात हलवतोय, पण यांना आत सोडत नाहीत. शेवटच्या चौकटीत आजोबा काठी आपटून ओरडतात, वॉचमन कानात बोटं घालतो. लोक पोट धरून हसले. मित्र समोर उभा असताना माणूस गेटवर अडकतो, त्याबद्दल एकानेही लिहिलं नाही.

माझे वडील ७८ वर्षांचे. वागळे इस्टेटमध्ये ३१ वर्षं लेथवर टर्नर होते. अंगठ्यावरच्या रेषा तिथेच झिजल्या. पेन्शन चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. डिजिटल दाखला २०१४ पासून आला, त्यात बोटाचा ठसा किंवा चेहरा जुळावा लागतो. मागच्या वेळी काउंटरवर पाच वेळा ऐकलं, 'काका, बोट पुसा. काका, जोरात दाबा.' बाबांनी शर्टाला अंगठा पुसून पुसून लाल केला. मग फोन तोंडासमोर धरून 'डोळे मिचकवा' झालं. तेव्हा ते चिडले, आणि मागच्या रांगेतला एक मुलगा हसला. ते हसणं आणि त्या चित्रकथेखालचं हसणं मला एकच वाटतं.

घोडबंदर रोड
तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं, अगदी मनापासून. पण तुम्ही सोयीच्या तक्रारी निवडल्यात.

त्याच मालिकेत पोळी-भाजी केंद्राचा भाग आहे. आजोबा म्हणतात, 'घरात ओटा आहे, मग पोळ्या विकत कशाला?' ही काही गेटवरच्या ॲपची अडचण नव्हे. हा माझ्यासाठी हुकूम आहे. मी कासारवडवलीहून सकाळी सात चाळीसला निघते. बसने स्टेशन, मग लोकलला लटकून दादर. परत यायला आठ. सासरे वाईट नाहीत, पण गरम पोळी ताटात पडेपर्यंत ते जेवत नसत. नवऱ्याने आणि मी दहा वर्षांत जे बोलायचं टाळलं, ते त्या चित्राने घरात आणलं. मी तो भाग फॅमिली ग्रुपवर टाकला. सासऱ्यांनी काही लिहिलं नाही. पण चार दिवसांनी केंद्रावरच्या सहा पोळ्या ते स्वतः घेऊन आले.

हसता आलं म्हणून हे झालं. तुमच्यासारखं गंभीरपणे मांडलं असतं तर भांडण झालं असतं.

वाशी, सेक्टर १०
मी स्वतः ७१. मिनी सीशोअरवर सकाळी फिरायला येणारे आम्ही आठजण ही मालिका एकमेकांना पाठवतो. आम्हाला त्यात अपमान वाटत नाही. आजोबा मूर्ख दाखवलेले नाहीत, हट्टी दाखवलेत, आणि हट्टी आम्ही आहोत. आमची बाजू घेताना आम्हाला बिचारं करू नका, एवढंच सांगणं आहे.

आणि शिकता येतं हो. यूपीआय २०१६ साली आलं, मी २०२० मध्ये शिकलो. नातीने दोन संध्याकाळी शेजारी बसून शिकवलं, हातातून फोन काढून न घेता. ही दुसरी गोष्ट महत्त्वाची. मुलगा शिकवायचा तेव्हा 'द्या इकडे, मी करतो' म्हणायचा, त्यामुळे चार वर्षं गेली.

चित्र काढायचंच तर रेल्वेच्या सवलतीवर काढा म्हणावं. ज्येष्ठ पुरुषांना ४० आणि महिलांना ५० टक्के मिळायची, २० मार्च २०२० ला बंद झाली. आपल्या एसटीने २०२२ मध्ये ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत केला. त्यावर आजोबांचं मत वाचायला मला आवडेल.

कळवा
काय काढायचं हे चित्रकाराला सांगू नये. तो विनोद आहे, अर्ज नाही.

नौपाडा (धागालेखक)
कळवा, विनोद कोणाच्या बाजूला उभा राहून केलाय हे विचारायचा हक्क वाचकाला आहेच. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन १९५१ पासून वर्तमानपत्रात होता आणि तोंडातून शब्द काढत नव्हता. तो नुसता बघायचा, आणि आपण मंत्र्याला हसायचो, त्याला नाही. या आजोबांना सगळे संवाद दिलेत, पण बघणारा कॅमेरा वॉचमनच्या खांद्यावर आहे.

घोडबंदर, तुमचं उत्तर मी बाबांनाही वाचून दाखवलं. पोळ्यांचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी ते धाग्यात घ्यायला हवं होतं. आमच्याकडे आई गेली तोवर गरम पोळी तिनेच वाढली, मीही ताटावर बसून वाट पाहिली आहे. तिथे आजोबांना हसाच. पण गेटवरचं आणि पोळीचं ओरडणं एकाच चेहऱ्याने, एकाच काठीने काढलं की दोन्ही 'म्हाताऱ्याची कटकट' या एकाच खात्यात जमा होतात. माझी तक्रार इतकीच आहे.

घोडबंदर रोड
हे पटलं. काठीचं मला सुचलं नव्हतं. तरी मालिका बंद व्हावी असं मला वाटत नाही.

नौपाडा (धागालेखक)
मलाही नाही. गेटचा भाग तिने बाल्कनीतल्या मित्राच्या बाजूने पुन्हा काढावा, असं मी तिला कळवलंय.

डोंबिवली
थोडं अवांतर. हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टमन घरी येऊन काम करून देतो, ही सेवा २०२० पासून आहे. सुरू झाली तेव्हा ७० रुपये घेत. ठसा जुळत नसेल तर चेहऱ्यावरून करायला आधीच सांगा, आणि खिडकीजवळ उजेडात बसवा. माझ्या काकांचं पहिल्याच फटक्यात झालं.

नौपाडा (धागालेखक)
धन्यवाद. पोस्टमनकाका दुपारी बाराच्या सुमारास येतात, उद्या बाबाच विचारतील त्यांना.