'आपल्यात' या शब्दात कोण कोण येतं?

दिवाळीत परभणीला गेलो तेव्हा खोलीवरचा मित्र सोबत होता. जेवून तो झोपला अन् अण्णा हळूच म्हणाले, "पोरगं गुणाचं हाय. आपल्यातलं हाय का?" मी म्हणालो, "आपल्यातलंच की, माझ्याच खोलीत राहतं." अण्णा गप्प. सकाळी मायनं त्याचा चहा कागदी कपात दिला. बाकी सगळ्यांना स्टीलचे कप. मग मीही कागदी कप मागितला आणि पुढं जे व्हायचं ते झालं. ते भांडण राहू द्या. जात विचारायला 'आपल्यात' हा शब्द कसा आला, हे सांगा. तुमच्याकडं काय म्हणतात?

नांदेडहून:
'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की आत येतो. देगलूरच्या पलीकडं तेलुगूतही हाच भेद आहे, 'मेमु' आणि 'मनमु'. म्हणजे "आपल्यात हे चालत नाही" म्हणताना अण्णा तुम्हाला न विचारताच आत घेतात. आणि 'चालत नाही' बघा, त्यात कर्ता कुठं आहे? "मला चालत नाही" म्हटलं तर निदान माणूस तरी सापडतो, त्याच्याशी भांडता येतं.

लातूरहून:
मी तुमच्या अण्णांच्याच वयाचा. आमच्याकडं आधी "पाव्हणं कुठलं?", मग आडनाव. तेवढ्यानं उलगडा झाला नाही, तर "तुमच्यात लग्नात काय करतात?" जात हा शब्द तोंडातून निघत नाही, पण काम होतं. माझ्या लहानपणी एवढा आडपडदा नव्हता. सरळ 'इटाळ' म्हणायचे. सालगड्याचा कप गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असायचा. चहा पिऊन तो स्वतःच विसळून पुन्हा तिथंच खोचायचा. माझा अंदाज असा की 'इटाळ' म्हणायची लाज वाटू लागली आणि 'आपल्यात'चा वापर वाढला. कप तेवढा कागदी झाला. (माझी लेक हे वाचत असेल तर तिनं हसू नये.)

छत्रपती संभाजीनगरहून:
शब्दावर भागवणं आपल्याकडं जुनंच. इथल्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ चा. त्यावर घरं जळली, माणसं मेली. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मागणी 'नामांतरा'ची होती, झाला 'नामविस्तार', कारण 'मराठवाडा' तसाच ठेवून त्याच्या आधी नाव जोडलं. मी तिथंच शिकले. वडील अजून नुसतं 'मराठवाडा विद्यापीठ' म्हणतात. मी पूर्ण नाव घेतलं की पेपराचं पान उलटतात.

परभणीहून, पुन्हा:
नांदेडकरांनी सांगितलेला फरक काल फोनवर ऐकला. त्या मित्राच्या बहिणीच्या लग्नाला चला म्हणालो. अण्णा थोडं थांबले. म्हणाले, "तू जा. आमच्यात नाही चालत."